धडकेनंतरचं डेंटिंग-पेंटिंग किती टिकतं? सारखे येणारे प्रश्न

बॉडीशॉपमध्ये बरीच वर्षं एस्टिमेट काढायचं काम केलं. ते आता सोडलंय, पण फोन काय थांबले नाहीत. गाडी ठोकली की पाहुण्यांच्या ओळखीनं, मित्राच्या मित्राकडनं, कसंही करून लोक माझ्यापर्यंत येतात आणि प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाचे सगळे इथं लिहून टाकतोय. ज्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलंय तिथं फक्त त्याचा नंबर दिलाय.

१. ठोकलेल्या गाडीचं काम केलं तर ते किती वर्षं टिकतंय?

नीट केलेलं काम गाडी भंगारात जाईपर्यंत टिकतं. वाईट केलेलं एक पावसाळा. गाडी ताब्यात घेताना मात्र दोन्ही सारखीच चकाकतात, कारण चकाकी असते लॅकरची, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराची, आणि लॅकर मारतात सगळ्यात शेवटी. टिकणार का नाही ते त्याच्या आधीच ठरलेलं असतं, म्हणजे पत्रा किती सरळ केला, गंज काढला का नुसता झाकला, लांबी (पुट्टी) किती भरली, रंगाखालचा प्रायमर कुठला मारला आणि पत्र्याच्या मागच्या बाजूला काय केलं. मागच्या बाजूचं कोणी विचारतच नाही राव. सगळे रंगावर हात फिरवतात आणि "मस्त झालंय" म्हणून पैसे देऊन जातात.

म्हणून माझं एकच सांगणं असतं. रंग चढायच्या आधी एकदा गॅरेजला जाऊन उघडा पत्रा बघा आणि फोटो काढा. नोकरीमुळं जमत नसेल तर व्हॉट्सॲपवर मागवा. चांगला कारागीर फोटो द्यायला लाजत नाही, उलट त्याला बरं वाटतं की कोणीतरी त्याची मेहनत बघतंय.

२. माझ्या गाडीत लांबी भरली म्हणतात. म्हणजे फसवलं का?

नाही ओ. लांबी म्हणजे पॉलिएस्टरची पुट्टी. पत्रा कितीही हुशारीनं ठोकला तरी बारीक लहरी राहतात, त्या भरायला लांबी लागतेच, कुठल्याही मोठ्या वर्कशॉपमध्ये लागते. प्रश्न फक्त जाडीचा. गाडीचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिमीचा असतो, त्यावर घासून झाल्यावर दोन-तीन मिमीपर्यंत लांबी असली तर काही बिघडत नाही. पण डेंटरनं खड्डा तसाच ठेवला आणि बोटभर जाडीची लांबी थापली तर ते दार नाही राहिलं, सारवलेली भिंत झाली ती. पत्रा उन्हानं तापतो, थंड होतो, दार रोज आपटतं, आणि लांबी पत्र्याइतकी लवचिक नसते, मग एक दिवस कडेनं केसासारखा तडा जातो, त्यातून पाणी आत, आणि पुढं प्रश्न ५.

अजून एक. लांबीत हार्डनर घालतात तो वजनाच्या दोन-तीन टक्के असतो. पण घाईच्या गॅरेजात "लवकर सुकू दे" म्हणून ट्यूब दाबून जास्त घालतात. असं केलं की महिन्या दोन महिन्यांनी पांढऱ्या गाडीवर पिवळट डाग वर येतो आणि मालक म्हणतो रंग खराब होता. रंग बिचारा चांगला असतो. हार्डनर कमी पडला तर उलटं, लांबी आतून मऊ राहते आणि नंतर बसते, मग उन्हात तिरकं बघितलं की दुरुस्तीची कड नकाशासारखी दिसते. आणि लांबी स्पंजासारखी पाणी पिते, त्यामुळं ती कोरड्या पेपरनंच घासायची. कोणी लांबीवर पाणी मारून वॉटर पेपर चालवताना दिसला तर तिथंच थांबवा.

३. कंपनीचा पेंट आणि गॅरेजचा पेंट यात एवढा फरक का असतोय?

कंपनीत अख्खी बॉडी उघडी, म्हणजे सीट, वायरिंग, काच काही नसताना प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या साहाय्यानं तो प्रायमर कानाकोपऱ्यात, दाराच्या पोटात, पिलरच्या (छत धरणाऱ्या खांबांच्या) आत चिकटतो. मग ती बॉडी दीडशे अंशाच्या वर भट्टीत भाजतात. तुमच्या गाडीला आता तेवढी उष्णता दिली तर डॅशबोर्ड वितळेल, त्यामुळं गॅरेजच्या बूथमध्ये साधारण ६० अंशाला सुकणारे दोन भागांचे, म्हणजे हार्डनरवाले पीयू (पॉलीयुरेथेन) पेंट वापरतात. ते चांगले असतात, वर्षानुवर्षं टिकतात. वरचा रंग परत मिळतो, पण तो बुडवलेला आतला थर एकदा ठोकून, जाळून, घासून गेला की गेला, त्याच्या जागी हातानं काहीतरी लावावं लागतं. एपॉक्सी प्रायमर, जोडाला सीलर, पोकळीत मेणाचा स्प्रे. हे बिलात दिसत नसेल तर विचारा.

जुन्या पद्धतीचा ड्यूको पेंट अजून काही ठिकाणी मारतात, स्वस्त पडतो आणि झटकन सुकतो. दोन उन्हाळ्यांत फिकट पडतो. नको.

४. पत्रा ठोकून सरळ करू का नवीन पॅनेल टाकू?

बोल्टवर बसणारा भाग असेल, म्हणजे फेंडर, बोनेट, दार, डिकीचं झाकण, आणि घडी पडली असेल किंवा कड फाटली असेल तर बदला. नुसता पोचा असेल तर ठोका, कंपनीचा पेंट शाबूत असेल तर रंग न मारता मागून दाबून काढणारेही मिळतात आणि ते सगळ्यात टिकाऊ, कारण मूळ थराला धक्काच लागत नाही.

वेल्डिंगनं बसलेल्या भागाचं मात्र उलटं. मागचा क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा पत्रा), रनिंग बोर्ड (दाराखालचा उंबरा), छत, हे कापून नवीन जोडायचं म्हणजे कंपनीचे स्पॉट वेल्ड फोडायचे, झिंकचा थर जाळायचा आणि आत न पोचणाऱ्या जागी गंजाला आमंत्रण द्यायचं. त्यामुळं "बदलून टाका, नवीन ते नवीन" हे इथं चुकीचं ठरतं. सरळ होण्यासारखा असेल तर मी क्वार्टर पॅनेल सरळच करून घेईन.

ठोकताना पत्रा ताणला गेला की तो डबडब वाजतो, अंगठ्यानं दाबलं की आत-बाहेर होतो. तसं असेल तर लांबीच्या आधीच सांगा, नंतर काही होत नाही.

५. काम करून वर्ष झालं, पावसाळा संपला आणि रंगाला बारीक फोड आलेत. रंग खराब होता का?

बहुतेक वेळा नाही. फोड म्हणजे रंगाखाली ओल अडकलेली आहे किंवा गंज वाढतोय, आणि दोन्हीची सुरुवात कामाच्या दिवशीच झालेली असते. आपल्याकडं हे जास्त का होतं ते सांगतो. आषाढात कोल्हापुरात पत्रा घासून उघडा ठेवला तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते, डोळ्याला जेमतेम दिसते. कामगार फडक्यानं पुसतो आणि प्रायमर मारतो. ती झाक प्रायमरच्या खाली जिवंत राहते. म्हणून पावसाळ्यात काम टाकलंत तर एवढंच बघा की उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे, नाहीतर परत घासून मगच प्रायमर.

दुसरं कारण कॉम्प्रेसरमधलं पाणी. हवेतली ओल टाकीत साठते, लाईनला पाणी वेगळं करणारा सेपरेटर नसला की ती थेट गनमधून रंगात जाते. उद्यमनगरात, शिरोलीत चांगले लोक सकाळी पहिलं काम म्हणून टाकीचा नळ सोडून पाणी काढतात. हे एवढंसं काम आहे आणि यावरनंच गॅरेज ओळखता येतं.

फोड टोकरून बघा. खाली स्वच्छ पत्रा किंवा प्रायमर दिसला तर रंगातली ओल, तेवढा भाग घासून परत मारता येतो. खाली तांबडी भुकटी निघाली तर गंज, आणि तो मागच्या बाजूनं आलाय का ते दाराचं पॅड काढून बघावं लागेल. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, बऱ्याचदा पेंटर ती सीलर नाहीतर लांबीनं बुजवून टाकतो आणि दार आतून पाण्यानं भरतं. गाडी हलवली की चळक चळक वाजतं. गगनबावड्याच्या बाजूचे लोक हे लगेच ओळखतील. मालवण-रत्नागिरीला सारखं जाणं असेल तर खारी हवा हेच काम अजून लवकर करते, घरी आल्यावर खालून नुसत्या पाण्याचा फवारा मारून घ्या.

६. एकच दार रंगवलं आणि आता ते वेगळं दिसतंय. रंगाचा कोड तर बरोबर होता.

कोड बरोबर असला तरी तुमची गाडी पाच वर्षं उन्हात उभी आहे, ती कोडासारखी राहिलेली नाही. शिवाय मेटॅलिक आणि पर्ल रंगात गनचं प्रेशर, अंतर, किती ओला मारला, यानं छटा बदलते. उपाय म्हणजे शेजारच्या पॅनेलवर रंग विरत नेणं, म्हणजे दार रंगवलं तर फेंडर आणि मागच्या दारावर थोडा थोडा रंग ओढायचा आणि लॅकर पूर्ण मारायचं. "एकाच दाराचे पैसे देणार" म्हणाल तर फरक दिसणारच. गाडी घेताना संध्याकाळी ट्यूबलाईटखाली घेऊ नका, दुपारी बाहेर काढून सावलीत आणि उन्हात दोन्हीकडं बघा.

७. पेंट झाल्यावर गाडी कधी धुवायची? आणि जोतिबाला गेलो, गुलाल बसलाय.

हाताला सुकला म्हणजे आतून सुकला असं नाही. आठवडाभर धुणं टाळा, मग साधं पाणी आणि मऊ फडकं. वॅक्स, पॉलिश, कोटिंग महिनाभर नको, आत उरलेलं थिनर बाहेर पडायला वाट पाहिजे. कव्हरही घालू नका.

गुलालाचं म्हणाल तर चैत्र यात्रेनंतर दरवर्षी फोन येतात. कोरडा असतानाच हवेनं किंवा पिसाच्या झाडूनं झटकायचा, मग भरपूर पाणी. ओल्या फडक्यानं रगडलात तर तो ताज्या लॅकरवर डाग सोडतो आणि पांढऱ्या गाडीला गुलाबी गाल येतात. उसाच्या सीझनमध्ये उघड्यावर पेंट करून घेणार असाल तर गुऱ्हाळाची काळी राखही लक्षात ठेवा, ओल्या रंगावर बसली की परत घासण्याशिवाय इलाज नाही.

८. चॅसिस ओढून सरळ केलीय म्हणतात. अशी गाडी चालवायची का?

विषय हार्ड आहे, जरा निवांत वाचा. बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर यांना खाली वेगळी शिडीसारखी चॅसिस असते आणि वर बॉडी. स्विफ्ट, बलेनो, नेक्सॉन, क्रेटा यांना वेगळी चॅसिस नसते, बॉडी हीच चॅसिस. त्यामुळं या गाड्यांत "नुसता पत्रा वाकलाय" हे वाक्य कधी कधी खोटं असतं, कारण तो पत्राच इंजिन आणि सस्पेन्शन धरून असतो.

पुढचे दोन लांब दांडे मुद्दाम दुमडण्यासाठी केलेले असतात. धडक त्यांनी खायची आणि तुमच्यापर्यंत येऊ द्यायची नाही. ते थोडे वाकले असतील तर मोजमापाच्या बेंचवर बांधून, थंडच ओढून सरळ करता येतात. पण घडी पडली असेल तर बदलायचेच, कारण पुढच्या धडकेत ते त्याच घडीवर आधी दुमडतील आणि एअरबॅग उघडायची वेळही चुकेल. आणि कोणी गॅस लावून दांडा लाल करत असेल तर गाडी तिथनं उचला. मधल्या पिलरमध्ये तर आजकाल तापवून दाबलेलं अतिकडक पोलाद असतं, ते परत तापवलं की त्याचा कडकपणा जातो आणि वरनं रंग मारला की कुणाला कळत नाही. तो पिलर सरळ करायचा नसतोच, कंपनी सांगते त्या जागी कापून बदलायचा.

चालवून कसं ओळखायचं? अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट मागा, आधीचा आणि नंतरचा. दोन्ही बाजूंच्या दारांच्या फटी सारख्या आहेत का बोट घालून बघा. मग कागलच्या बाजूला हायवेला सरळ रस्ता आणि मागं-पुढं गाडी नाही असं बघून स्टिअरिंग हलकं धरा, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं असेल तर परत पाठवा. दोन-तीन हजार किलोमीटरनंतर टायर एकाच कडेला झिजला तर माप अजून चुकलेलं आहे, सारखी अलाइनमेंट करून ते लपतं, जात नाही.

९. सीझनमध्ये उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलो. बंपरला ओरखडा नाही पण बोनेट गेलं. मोठं नुकसान नाही ना?

उलट यातच जास्त सांभाळा. ट्रॉलीचा मागचा भाग उंच असतो, रात्री रिफ्लेक्टर नसतो, गाडी तिच्या खाली घुसते. दुमडायसाठी केलेले दांडे आणि बंपर खालून सहीसलामत जातात आणि मार बसतो बोनेट, रेडिएटरची वरची पट्टी, काच आणि काचेच्या बाजूच्या पिलरला. म्हणून बोनेट नवं टाकून प्रश्न सुटत नाही. काच काढून पिलरची चौकट आडवी-तिरकी मोजायला सांगा. काच नवी बसवूनही काही आठवड्यांत कोपऱ्यातून आपोआप तडकली तर चौकट पिळलेली असू शकते.

१०. बंपर चिकटवून घेतला तर चालतो का?

प्लास्टिक वेल्डिंग करून, मागून जाळी लावून घेतलेला फाटलेला बंपर बरेच दिवस जातो. क्लिप आणि कान तुटले असतील तर नवा घ्या. रंग सुटतोय तो बहुतेक प्लास्टिकचा प्रायमर न मारल्यामुळं. सेन्सर असतील तर प्रश्न १५.

११. विम्याचा सर्व्हेयर रिपेअर म्हणतो, मला बदलून पाहिजे. आणि क्लेममध्ये पेंटचे पैसे का कापले?

सर्व्हेयरला पहिल्या दिवशी फक्त बाहेरचं दिसतं. वर्कशॉपला सांगा बंपर, लाईनर, पॅड काढून आतलं दाखवा, मग निघालेलं नुकसान पुरवणी एस्टिमेटमध्ये जातं. हे काम सुरू व्हायच्या आधी. खोलून फेकून दिल्यावर काही सिद्ध होत नाही. ठोकून टिकणार नाही असं वाटत असेल तर तोंडी भांडू नका, घडी, फाटलेली कड यांचे फोटो मेलवर पाठवा (प्रश्न ४ मधली कारणं वापरा).

कापण्याचं गणित असं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीवर ५० टक्के घसारा, फायबरवर ३०, काचेवर काही नाही. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे, सहा महिन्यांपर्यंत शून्य आणि वाढत वाढत दहा वर्षांनंतर ५० टक्के. पेंटच्या एकूण बिलातले २५ टक्के मटेरियल धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे १०,००० च्या पेंटिंगला १,२५०. झिरो डेपला, म्हणजे घसारा न धरणाऱ्या पॉलिसीला, हे बहुतेक कापत नाहीत, पण सक्तीचा वाटा तुमचाच, १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० आणि वरच्याला २,०००. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर टोटल लॉस.

१२. शोरूम का ओळखीचं गॅरेज?

प्रश्न ८ मधलं काही वाकलं असेल, एअरबॅग उघडली असेल, किंवा गाडी गंजाच्या वॉरंटीत असेल तर अधिकृत वर्कशॉप. बाकी दार-फेंडरला चांगला डेंटर शोरूमपेक्षा सरस ठरतो, आपल्याकडं पत्र्यात हात असलेली माणसं कमी नाहीत. नाव मोठं म्हणून डोळे झाकू नका मात्र. माझ्या स्वतःच्या गाडीचं मागचं दार एका मोठ्या ठिकाणी झालं, बिलात सीलर लिहिलेलं, आत बघितलं तर वेल्ड उघडा. मी याच धंद्यातला, तरी बघितलं वर्षानं.

१३. सेकंडहँड घेताना आधीची धडक कशी ओळखायची?

बोनेट आणि फेंडरच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालाय का, दाराच्या रबराखाली रंगाची कड किंवा धूळ आहे का, सगळ्या काचांवरची खूण एकाच कंपनीची, एकाच सालाची आहे का. डिकीत स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा, तिथली सुरकुती कोणी सरळ करत बसत नाही. पेंटची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, दोनशे-तीनशे म्हणजे परत रंगवलंय, हजाराच्या वर गेलं तर लांबी. छतावर जास्त आलं तर गाडी उलटली होती का हे तोंडावर विचारा.

१४. मीटर सगळीकडं नीट दाखवतोय, लोहचुंबकही चिकटतंय. मग धडक झालीच नाही ना?

तसं नाही. नवा फेंडर किंवा दार आणून कंपनीसारखं रंगवलं तर मीटर फार बोलत नाही, आणि ते वाईटही नाही. खरी भीती आतल्या दांड्यांची, तिथं मीटर कोणी लावत नाही. उलट चुंबक चिकटलं नाही म्हणूनही घाबरू नका, काही गाड्यांचं बोनेट ॲल्युमिनियमचं तर काहींचे फेंडर प्लास्टिकचे असतात. जोडाचं सीलर बघा. कंपनीचं एकसारखं, यंत्रानं मारलेलं असतं, हाताचं नखानं ओळखू येतं. दोन्ही बाजूंचं शेजारी ठेवून बघायचं.

१५. नवीन गाडी आहे, एडास आहे. बंपर रंगवल्यापासून वॉर्निंग येतेय.

एडास म्हणजे रडार आणि कॅमेऱ्यानं ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा. रडार बंपर किंवा लोगोच्या मागं असतं. त्याच्यासमोर लांबी किंवा मेटॅलिक रंगाचे जाड थर चढले की त्याला नीट दिसत नाही. पार्किंग सेन्सरच्या तोंडावर जाड रंग चढला तरी तेच. त्या जागेचा फुटलेला बंपर दुरुस्त न करता बदला. कॅमेरा काचेमागं असतो, त्यामुळं काच बदलली की कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचं माप परत जुळवणं, करावंच लागतं, वॉर्निंग आली नाही तरी. क्लेमच्या एस्टिमेटमध्ये ते आधीच घालून घ्या.

१६. मागून ठोकर बसली होती, काम झालं, आता पावसात डिकीत पाणी येतंय.

लाईटची गास्केट, डिकीचं रबर आणि मागच्या पॅनेलचं सीलर, या क्रमानं बघा. एकजण डिकीत टॉर्च घेऊन बसायचा, दुसऱ्यानं बाहेरून पाईपनं पाणी, खालून वर हळूहळू. बंपरमागं हवा बाहेर जायची झडपदार खिडकी असते, ती वाकडी बसली तरी पाणी येतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी लागलेली गाडी नंतर धडकली असेल तर कार्पेट उचलून खालचा पत्रा एकदा बघाच, जुना गंज आणि नवीन वेल्ड एकाच जागी निघतात.

१७. सहा महिन्यांत लॅकर सोलतंय आणि गॅरेजवाला म्हणतोय "रंगाची काय गॅरंटी नसती".

असते. लॅकर पापुद्र्यासारखं सोलणं हे बहुतेक वेळा नीट न घासल्याचं, पातळ मारल्याचं किंवा बेसवर (लॅकरखालच्या रंगावर) जास्त वेळ घालवून लॅकर मारल्याचं लक्षण, वापरणाऱ्याचा त्यात दोष नसतो. आधी शांतपणे परत करून मागा, बरेचजण करून देतात. ऐकत नसेल तर बिल, जॉबकार्ड, प्रश्न १ मधले फोटो आणि दुसऱ्या वर्कशॉपचं लेखी मत जमवा, नोटीस पाठवा आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. वकील लागतोच असं नाही, ऑनलाईनही करता येते, दोन वर्षांच्या आत करायची. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. बिल न घेता रोख काम केलं असेल तर मात्र अवघड जातं. जीएसटी वाचवायला कच्ची चिठ्ठी घेणाऱ्यांचे मला महिन्याला दोन-तीन फोन असतात.